खाकरमास्तरांचा खर्ज

मास्तर बसस्थानकावर गाड्या पुकारायचे. माइकसमोर बसलं की आधी खाकरायचं आणि मग बोलायचं, हा क्रम त्यांनी नोकरीभर मोडला नाही. खाकरणंही असं दणदणीत, की बाकावर घोरणारा प्रवासी दचकून उठायचा आणि पिशव्या गोळा करायला लागायचा. गाडी त्याची आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा. त्यांचं खरं नाव बायको सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ती तर ते घेत नसे. सगळ्यांचे ते खाकरमास्तर.

घरीही तेच चालायचं.

"अहो, इथे कोणती गाडी सुटणार आहे? जेवताना तरी नका खाकरू."

"घसा साफ करतोय."

"एवढ्या वेळात माझी मोरी साफ झाली असती."

घशात साफ न होणारं काहीतरी आहे, हे निवृत्तीनंतर कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "हे खाकरणं किती वर्षांचं?" तेव्हा नवराबायको एकमेकांकडे बघत राहिली. स्वरयंत्र काढावं लागलं. मानेच्या खळगीत एक भोक उरलं. त्यातून श्वास यायचा, शब्द यायचा नाही. आता तर साधं खाकरताही येत नव्हतं.

मास्तर ओठ हलवून बोलायचे आणि बायको त्यातून आपल्या सोयीचं तेवढं वाचायची. ते ओठांनी "चहा" म्हणाले की ती म्हणायची, "हो, आंघोळीला जा." यावर भांडायची सोय नव्हती, कारण भांडणही तिलाच वाचून घ्यावं लागलं असतं.

एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालताना ती म्हणाली, "सकाळी तुमचा आवाज आठवत होते. कसा होता, आठवेचना." आणि पुढचा टॉवेल उचलला.

मास्तरांना वाटलं, डॉक्टरांनी आवाज अर्धाच नेला होता. उरलेला आता गेला.

निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्यांच्या पुकारण्याची एक कॅसेट भरून दिली होती. ती त्यांनी कपाटातून काढली आणि टेपमध्ये घातली. कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरमधून एक डास वेळापत्रक वाचू लागला.

"हा कोण?" बायकोने विचारलं. मास्तरांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तिचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी तिचा धाकटा भाऊ आला. स्पीकरच्या जोडीतला दुसरा डबा कधीतरी "दोन दिवसांसाठी" नेऊन पचवणारा तो हाच. त्याने कान लावला आणि निदान केलं, "दाजी, वूफर उडाला. नवीन टाका."

"तू नेलेला आण आधी," बहीण म्हणाली.

"ताई, तो कधीच भंगारात गेला."

मास्तरांनी त्याला हाताने बाजूला केलं. स्थानकावरचे भोंगे त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळले होते. आधी त्यांनी मागची वायर बदलली. डास तसाच. मग स्क्रू काढून वूफर, डब्यातला जाड आवाजाचा गोल स्पीकर, बाहेर घेतला. कागदी पडदा धड होता, कुठे फाटलेला नव्हता. वूफरच्या दोन टोकांना त्यांनी पेन्सिल सेल टेकवला. पडदा टुक करून पुढे आला.

"अरे, जिवंत आहे की," मेहुणा म्हणाला.

मास्तरांनी ओठ हलवले.

"तुला गाढव म्हणतायत," बहिणीने सांगितलं. मास्तर "टॉर्च धर" म्हणाले होते.

म्हणजे वूफर ठणठणीत, पण त्याच्यापर्यंत आवाज पोचतच नव्हता. मास्तरांनी डब्यात डोकं घातलं. आत एक छोटी पट्टी होती. बारीक आवाज छोट्या स्पीकरकडे आणि जाड आवाज वूफरकडे, अशी वाटणी ती करायची. तिच्यावर तांब्याच्या तारेचं जाडजूड वेटोळं. त्याचा एक पाय सुटला होता. सोल्डरचा डाग तडकलेला, चीर इतकी बारीक की दिसण्याऐवजी ती बोटाला लागली. मास्तरांनी सोल्डर गन तापवली. धूर वर आला तसा त्यांनी गळ्यावरचा रुमाल भोकावर दाबून धरला, आणि श्वास रोखून डाग दिला.

स्क्रू बसले. कॅसेट मधूनच सुरू झाली.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे."

खोली भरून गेली. मेहुणा नकळत ताठ बसला. मास्तर बायकोकडे बघत होते. ती हात पुसत दारात उभी होती. तिने मान हलवली.

"हा स्टँडवरचा माणूस. हा माझ्याशी कधी असा बोलला नाही. कृपया म्हणे."

मेहुणा हसायला गेला आणि थांबला. मास्तरांचा हात डब्यावरून गळून पडला. घरातलं बोलणं कुणी भरून ठेवलं होतं? ते कुठेच नव्हतं.

टेप चालूच होती. पुढच्या गाडीची वेळ झाली आणि वूफरमधून खाकरण्याचा आवाज आला. खोल, खरखरीत, पोटातून उठलेला. खिडकीची काच थरथरली.

"अहो, जेवताना तरी..." एवढं तिच्या तोंडून गेलं. मग तिने दाराची चौकट धरली.

"मागे घ्या," ती म्हणाली.

मास्तरांनी टेप मागे घेतली. पुन्हा ते खाकरणं.

"परत. पुढचं नको. एवढंच लावा."

जे त्यांना गिळत होतं, त्याचाच तो आवाज. मास्तरांना ते ठाऊक होतं. तिलाही. तिने खाली बसून पडद्यावर तळवा ठेवला. मास्तर बटण दाबत राहिले. मेहुण्याने पक्कड, पेचकस गुपचूप गोळा केले. आणि ती बिचारी गाडी, पुकारण्याची वाट बघत, फलाटावरच उभी राहिली.