बत्तीस मिनिटांची फीत

मामांच्या गळ्यात गाठ निघाली. महिन्याभरात कापावी लागेल, आवाज राहील याची खात्री नाही, असं सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं. मामा नंदुरबारात चाळीस वर्षं गात होते. गाठ कापण्याआधी त्यांचं गाणं फितीवर घ्यायचं आमच्या संगीत मंडळानं ठरवलं आणि यंत्र आणायला चिटणिसांबरोबर मला सुरतेला धाडलं.

दुकानात दोन रेकॉर्डर होते. एक सेलवर चालणारा, चार किलोचा. दुसरा विजेवरचा, चौदा किलोचा, हिरवा दिवा लुकलुकणारा. त्याला वर मूठ होती, तेवढ्यावर चिटणिसांनी तो कुठेही नेता येणारा ठरवून घेतला. मायक्रोफोनही दोन. मी दोन्हींपासून आठ फुटांवर उभा राहून बोललो. साध्या करड्या मायक्रोफोननं शब्दन्‌शब्द पकडला. चकचकीत होता त्याला तोंड लावून बोलावं लागे. फोटोत उठून दिसेल म्हणून चिटणिसांनी चकचकीतच घेतला. एवढ्या खर्चानंतर फितीचं एकच रीळ घेता आलं: दोन्ही बाजू मिळून बत्तीस मिनिटं. वेग अर्धा ठेवला असता तर चौसष्ट झाली असती, पण जलद वेगावर आवाज भारी येतो असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

मैफल रविवारी दुपारी चारला, शाळेच्या हॉलमध्ये. चिटणिसांनी यंत्र प्रास्ताविकालाच सुरू केलं. मग शाल, नारळ, अध्यक्षांचं भाषण. सोळाव्या मिनिटाला फीत संपली. चिटणिसांनी हात वर केला, अध्यक्ष थांबले, रीळ उलटं झालं आणि अध्यक्षांनी तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. मामा तंबोरा मांडीशी घेऊन बसले होते.

सत्ताविसाव्या मिनिटाला भाषण संपलं. मी यंत्रापाशी जाऊन म्हणालो, फीत मागे घ्या, यावरच गाणं घेऊ.

"अध्यक्षांच्या भाषणावर?" चिटणीस म्हणाले. मी देवघरात चपला घालून शिरल्यासारखे बघत होते.

तंबोरा लावण्यात तीन मिनिटं गेली, यंत्र चालूच. मुलतानीची आलापी दोन मिनिटं झाली आणि फितीचं टोक सुटून रीळ फडफडत राहिलं. त्यानंतर मामा सव्वा तास गायले.

आठवड्यानं मंडळात सगळ्यांनी फीत ऐकली. अध्यक्ष खणखणीत. मामा शेजारच्या घरात गात असल्यासारखे. ऐकून झाल्यावर मामा मला म्हणाले, "भाचा, यान्हा गळा चांगला शे. मन्हं काय काम व्हतं?"

चिटणिसांना ही अध्यक्षांच्या गळ्याची स्तुती वाटली. ते खूश होऊन हसले.

गाठ कापली, आवाजही गेला. मंडळ ती फीत दर वर्धापनदिनी लावतं आणि भाषण संपलं की बंद करतं.

चिटणिसांना मी मूर्ख म्हणतो ते पुरेपूर हिशेबानं. पण एक आकडा माझ्याही नावावर आहे. मला नकार देऊन ते अध्यक्षांना पाणी द्यायला गेले, तेव्हा दोन मिनिटं यंत्रापाशी मी एकटाच होतो. फीत मागे घ्यायचं बटण हातापासून वीतभर. मी जागेवर जाऊन बसलो आणि घड्याळ बघत राहिलो.