चार दिव्यांची पेटी

कुणाच्याही घरी गेले की सर बसायच्या आधी छताकडे बघत. यजमानांना वाटे, गळतंय की काय. सर दिव्याकडे बघत असत. "शंभरचा ना? छापलेलं सोडा. चालू असताना मोजा."

पंचाहत्तर सालच्या आसपास सांगलीच्या आमच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत, मी मराठी. व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध, दोन्ही गुणले की वॉट. एवढ्यावर त्यांचा जगाशी व्यवहार चाले. नव्या प्रयोगशाळेच्या उद्घाटनाला पाहुणे विजेच्या युगावर बोलत होते आणि त्यांच्या डोक्यावरच्या दिव्यांच्या माळा पिकल्या केळ्यासारख्या पिवळ्या पडल्या होत्या. सर हळूच आत जाऊन व्होल्टमीटर बघून आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "युग निम्मंच पोचलंय."

तुम्हीही असा एखादा सहकारी पाहिला असेल. त्याचा कंटाळा येतो, आणि तो रजेवर गेला की चहा बेचव लागतो.

त्या हिवाळ्यात इस्लामपूरला दिलेली त्यांची मुलगी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. तिला आणि बाळाला मिरजेच्या एका छोट्या दवाखान्यात आणलं. बाळ काचेचं झाकण असलेल्या लाकडी पेटीत होतं. उबेसाठी आत शंभरचे दोन दिवे.

मी भेटायला गेलो तेव्हा तिथली आया सरांना सांगत होती, "आवं सर, दिवसा बरं असतंय. सांजच्याला हिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की पेटी गार पडतीया. दिवं हायती, पर ऊब न्हाई."

दुसऱ्या दिवशी सर कॉलेजातले दोन मीटर पिशवीत घालून गेले. डॉक्टरांनी अडवलं नाही. संध्याकाळी मोजलं तर एकशेसाठ व्होल्ट आणि पॉइंट सात अँपिअर. छापलेले दोनशे वॉट, पोचत होते एकशेबारा. सरांनी आणखी दोन दिवे बसवले आणि चारीला वेगळी बटणं. पण मोटारी बंद झाल्या की व्होल्टेज चढणार, पेटी भलतीच तापणार. म्हणजे कुणीतरी काट्याशी बसून राहायला हवं. सर रजा काढून बसले. काटा चढला की दिवा बंद, उतरला की चालू. मुलगी पलंगावरून विचारायची, "आप्पा, बरोबर आहे ना?"

नजर न हलवता सर म्हणायचे, "बरोबर आहे."

एका सकाळी बाळ गेलं. फुप्फुसंच तयार नव्हती, डॉक्टर म्हणाले. उबेत काही कमी पडलं नाही. सरांनी एकेक बटण बंद केलं. चौथ्यापाशी त्यांचा हात थांबला. ते आयाने केलं.

सांगलीला परतताना बसमध्ये सर एकदाच बोलले. "वॉट बरोबर होते." मी मीटरची पिशवी त्यांच्या हातातून घेऊन माझ्या मांडीवर ठेवली.

निवृत्तीनंतर ते साताऱ्याला गेले. एकदा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. मुलीचं विचारलं. "आहे," म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. मग आम्ही कॉलेजातल्या भांडणांबद्दल बोलत राहिलो. ती संपत नाहीत हे बरं असतं. मध्येच दिवा उतरला, खोली तांबूस झाली. मी सवयीने सरांकडे पाहिलं. ते मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होते.

छताकडे मीच पाहिलं. त्यानंतर आमची भेट झाली नाही.