मुरुमांचं मलम आणि आईचे पाय

ऐंशीच्या दशकात मी कॉलेजात होतो. मुरुमांसाठी लाखनीहून एसटीनं भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरांनी दोन औषधं मिसळलेलं मलम दिलं. "पातळ लावा, दुसऱ्याले देऊ नका आन् कपड्याले लागू देऊ नका, रंग जाते," असं बजावलं.

धानाच्या रोवणीचे दिवस होते; आठवडाभरातच मलमाची नळी रिकामी झाली. तूच लावलं असशील, म्हणून मी आईवर तडकलो.

"मी कायले लावू? मले का मुरुमं आहेत?"

पण तिच्या लाल लुगड्याच्या काठावर, घोट्याजवळ पांढरे डाग पडले होते. मी वाकून पाहिलं. धानाच्या बांधीतल्या चिखलात दिवसभर उभं राहून तिच्या पायांच्या बोटांच्या बेचक्या सोलून निघाल्या होत्या.

"उघड्या जखमेवर लावलं? झोंबत नाही?"

"झोंबते ना," ती म्हणाली. "म्हनूनच वाटलं, लागू पडून राहिलं."