चपलांची तोंडं

“माझ्याबद्दल काय चाललं होतं?”

स्टाफरूममध्ये पाऊल टाकताच बाईंचा हा पहिला प्रश्न असायचा. आम्ही बहुतेक वेळा पोषण आहाराच्या तांदळाबद्दल नाहीतर बदल्यांबद्दल बोलत असायचो. तसं सांगितलं तरी बाई आमचे चेहरे एकेक करून बघायच्या, मग खिडकी सताड उघडायच्या आणि हजेरीपटानं वारा घेत बसायच्या. तेही डिसेंबरात. परभणीकडची थंडी ज्यांनी सोसली आहे त्यांना यातलं गांभीर्य कळेल. हेडमास्तरांच्या कानाला मफलर गुंडाळलेला आणि बाईंच्या कपाळावरून घाम ओघळतोय, असं ते चित्र.

आमची शाळा पालमपासून दहा-बारा किलोमीटर आत. सगळे पालमहून एसटीनं ये-जा करायचो. गावासाठी आम्ही बाकीच्या ‘मॅडम’ होतो, ‘बाई’ त्या एकट्याच. अर्ध्या गावाच्या हाताला धरून त्यांनी अक्षरं गिरवून घेतली होती. त्यामुळे मीही त्यांना बाईच म्हणायची.

मी स्वभावानं संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवाली जास्त गोड बोलली की मी घरी येऊन टोमॅटो तपासते. तेव्हा बाईंवर माझी नजर होती यात नवल नाही. तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हीही ठेवली असतीत.

बाई तेव्हा सत्तेचाळीसच्या होत्या आणि वर्षभरात पार बदलल्या होत्या. पूर्वी त्यांच्या वर्गातली कविता रस्त्यापर्यंत ऐकू यायची. आता पोरानं पेन्सिल पाडली तरी त्या दचकायच्या. कधी फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या आणि खांदे हलताना दिसायचे. हेडमास्तरांशी एखाद्या खडूवरून भांडायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी डब्यात धपाटे घेऊन यायच्या. गावात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे नवऱ्याशी पटत नाही, कोणी म्हणे बाईंना बाहेरचं लागलंय. मी सगळ्यांचं ऐकून घ्यायची.

दिवाळीनंतर एक नवीनच गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. शनिवारी आमची सकाळची शाळा. साडेअकराला सुटली की बाराची बस धरून सगळे पालमला. बाई मात्र फाट्यावर यायच्याच नाहीत. “तुम्ही व्हा पुढं, मला जरा काम आहे,” म्हणायच्या. आता हे काम शनिवारीच कसं निघतं? आणि एरवी पर्स असताना शनिवारी ती मोठी पिशवी कशाला? बरं, सोमवारी बाई हसतमुख. मंगळवारपर्यंत खिडकीसुद्धा निम्मीच उघडायच्या. मला हेच सगळ्यात संशयास्पद वाटायचं. माणूस विनाकारण रडू शकतं, विनाकारण खूश राहत नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

एकदा बाई हात धुवायला गेल्या असताना मी त्या पिशवीत डोकावले. शोभत नाही, पण डोकावले. वरचा कागद बाजूला केला तर आत पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन. सोयाबीनवर मारायचं तणनाशक येतं ना, तसला. आमच्याकडे तो कॅन बघून मनात काय येतं ते मी वेगळं सांगायला नको. मी पिशवी होती तशी ठेवली आणि कोणाला काही बोलले नाही.

मग जानेवारीतला तो शनिवार आला. दुसरीच्या वर्गात गणित विचारता विचारता बाई थांबल्या. समोर उभ्या असलेल्या मुलीचं नाव त्यांना आठवेना. त्या मुलीच्या आईलाही त्यांनीच शिकवलं होतं. बाई स्टाफरूममध्ये आल्या, खुर्चीत बसल्या आणि आमच्यासमोर रडल्या. “माझं डोकं फिरत चाललंय,” एवढंच म्हणाल्या. शाळा सुटल्यावर डोळे पुसून, पिशवी उचलून निघाल्या. मी बस सोडली आणि त्यांच्या मागे गेले.

वाट कापसाच्या रानातून जात होती. मी बरंच अंतर ठेवून होते. मध्येच साडीला बाभळीचा काटा लागला, तो सोडवण्यात बराच वेळ गेला आणि मान वर केली तर बाई नाहीत. पुढे विहीर होती. काठावर बाईंच्या चपला होत्या आणि घड्याळ होतं. बाई नव्हत्या.

आत डोकावून बघायची माझी हिंमत झाली नाही. मी ओरडत शाळेकडे सुटले. कापूस वेचणाऱ्या बाया धावत आल्या, शाळेत मागे राहिलेले हेडमास्तर मफलरसकट आले, कोणीतरी पालमला बाईंच्या नवऱ्याला फोन लावला. पाच-दहा मिनिटांत तीस-चाळीस माणसं जमली. बाईंचा एक जुना विद्यार्थी, आता दोन लेकरांचा बाप, पुढचा-मागचा विचार न करता बुटांसकट पाण्यात उडी टाकून मोकळा झाला. मग आतून बाईंचाच आवाज आला, अगदी वर्गातला. “अरे, तुला पोहता येतं का तरी?”

त्याला येत नव्हतं. बाई पाण्यावर तरंगत होत्या. अंगात पंजाबी ड्रेस आणि पाठीला दोरीनं करकचून बांधलेला तोच कॅन, रिकामा. तो त्या कॅनला लोंबकळला आणि बाईंनी त्याला ओढत पायरीपर्यंत आणला. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

विहिरीची मालकीण सत्तरीची म्हातारी. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. ती पलीकडे चिंचेआड, बाईंची साडी आणि पिशवी शेजारी ठेवून तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दर शनिवारी बाईंच्या सोबतीला ती तिथे बसायची, हे मला नंतर कळलं. ती उठून माझ्याजवळ आली.

“मॅडम, जीव देणारी बाई टावेल घिऊन येती व्हय?” चपलांशेजारी घडी घातलेल्या टॉवेलकडे तिनं बोट केलं. “अन् चपला बगा की तिच्या. तोंडं रस्त्याकडं हायत. वर येऊन पाय घालायचा अन् निघायचं. जिला माघारी जायचंच न्हाई तिच्या चपला अशा ऱ्हात्यात का?”

मी ना टॉवेल पाहिला होता, ना चपलांची तोंडं.

बाई पायऱ्या चढून वर आल्या. चाळीस माणसांसमोर, निथळत, पाठीला कॅन. आत्यानं टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. बाईंनी सगळ्यांचे चेहरे एकेक करून पाहिले आणि हळूच विचारलं, “माझ्याबद्दल काय चाललं होतं?”

त्या दिवशी खरोखर त्यांच्याबद्दलच चाललं होतं.

सोमवारी बाई शाळेत आल्या. खिडकी उघडली नाही, घाम पुसत बसून राहिल्या. मधल्या सुट्टीत आम्ही दोघीच असताना मी माफी मागितली. त्यांनी मग शांतपणे सगळं सांगितलं. त्यांचं माहेर चुडाव्याकडचं. आईचंही याच वयात असंच झालं होतं. घाम, रडणं, विसरणं, झोप नाही. घरच्यांनी तिला बाहेरचं लागलंय म्हणून दोन वर्षं या गावच्या देवऋष्याकडून त्या गावच्या देवऋष्याकडे नेलं आणि शेवटी तिची खाट गोठ्यात टाकली. खोलीत लोक बोलायचे थांबले की बाईंना तोच गोठा आठवायचा. परभणीच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं होतं की हे पाळी जायच्या आधीचे दिवस आहेत, वेड नाही, निघून जातील. औषधं दिली आणि वर विचारलं, तुम्हाला स्वतःला कशात आनंद वाटतो? आठ दिवस बाई एसटीत बसून तेच आठवत होत्या.

“मग आठवलं,” त्या म्हणाल्या. “लहानपणी मी वडिलांच्या विहिरीत पोहायची. पाठीला तेलाचा डबा बांधून. पाळी आली त्या दिवशी आजीनं विहीर बंद केली. आता पाळी चालली, तर म्हटलं आपली विहीर आपण उघडावी. पाण्यात गेलं की मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं, मॅडम. लय हलकं वाटायचं.”

मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आत्याच्या मुलांनी महिन्याभरात विहिरीवर लोखंडी जाळी बसवून कुलूप घातलं. नको ती जबाबदारी, असं त्यांचं म्हणणं. बाईंचा नवरा दर शनिवारी बाराच्या बसला पालमच्या स्टँडवर उभा राहू लागला. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता. उन्हाळ्यात बाईंनी विनंती बदली मागून घेतली.

निरोपाला शाल-श्रीफळ झालं. माझ्याकडून मी कागदात बांधलेला एक निळ्या काठाचा टॉवेल दिला. बाईंनी संशयानं पुडकं तिथेच उघडून पाहिलं.

“टॉवेल?” त्या मला ऐकू जाईल एवढंच बोलल्या. “आता विहीर कुठं राहिली?”

याला नऊ वर्षं झाली. मी आता सेहेचाळीसची आहे आणि गेल्या हिवाळ्यापासून स्टाफरूमची खिडकी मी उघडते. नव्या मॅडम अंगावर शाल ओढून माझ्याकडे बघतात. मी आत गेले की बोलणं थांबतं. बाईंचा प्रश्न माझ्या ओठांवर येतो आणि मी तो गिळते.

मध्यंतरी बाईंचा नंबर मिळाला. मी लिहिलं, “बाई, आता मला कळतंय. माझं फार चुकलं.” त्यांनी ते वाचल्याचं दिसलं, पण उत्तर आलं नाही. महिनाभर मी फोन तपासत होते. राग असेल, की आणखी काही झालं असेल?

मागच्या शनिवारी दुपारी एक वाजता उत्तर आलं. शब्द एकही नाही, नुसता फोटो. दगडी काठ, पलीकडे हिरवं पाणी, आणि काठावर बायकी चपला. मी उठून उभी राहिले, कोणाला तरी फोन लावायला निघालेच होते.

मग थांबले आणि फोटो मोठा करून पाहिला. चपलांशेजारी घडी घातलेला निळ्या काठाचा टॉवेल होता, धुऊन धुऊन विटलेला. आणि चपलांची तोंडं रस्त्याकडे होती.