शालनचा राणीछाप रुपया

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नातवंडांना माझ्या बाकीच्या सगळ्या लबाड्या ठाऊक आहेत — ही नाही.

आमच्या पेडण्यात कुणाच्या पेटीत जुना ब्रिटिश रुपया निघाला, की तो माझ्याकडे येतो. अस्सल की बनावट, ते मी सांगायचं. आता सांगते ते थोडं तरी कळून. पण तरुणपणीची मी! जवळ मूठभर नाणी, एक भिंग, सोनाराकडून मागून आणलेला काटा — आणि नाक थेट माडाच्या शेंड्याला.

धाकटी जाऊ शालन नवीच आली होती, वाळपईची. तिच्या आईने ओटीत राणीछाप रुपया घातला होता. दिवाळीत लक्ष्मीच्या ताटात ठेवायला तिने तो काढला. मला कुणी विचारलं होतं का? मीच हात पुढे केला. राणीचा चेहरा गुळगुळीत, कडेचे दाते जवळजवळ गेलेले, वजन कमी. म्हटलं, “ओतीव आहे, टाकसाळीचा नाही. बनावट.”

“परत एकदा बघा गे, वैनी,” शालन म्हणाली. “आवशीन आपल्या हातान दिलो हा.”

मी बघितला नाही. सासूबाई हसल्या, “वाळपयकारांनी राणी धाडली, ती पण खोटी!” रुपया ताटातून शालनच्या पेटीत गेला. ते हसणं शालनच्या आईच्या कानी पोचलं. ती पुन्हा आमचा उंबरा चढली नाही — नात झाली तेव्हाही नाही.

पुढच्या दिवाळीआधी मी माहेरी, मुळगावला गेले. आई मागीलदारी पूजेचा रुपया चिंच-राखेने घासत बसली होती. दर वर्षी घासायची, तिच्या आधी तिची सासू. हातात घेतला — तसाच गुळगुळीत, तसाच हलका. आमच्या घराघरांत राण्या न्हाऊन न्हाऊन झिजतात, आणि हे मला, नाण्यांच्या पंडितिणीला, सुचू नये?

परत आल्यावर शालनचा रुपया तिच्या पेटीतून गुपचूप काढला. वाजवला. स्वच्छ चांदीचा नाद. भिंगाखाली ओतकामाची एक खूण नाही. अस्सल होता. पुसला, होता तिथे ठेवला.

एक वाक्य बोलायचं होतं. पण मग माझ्या भिंगाला कुणी विचारलं असतं? — शालनची आई तेव्हा जिवंत होती. वाळपई काही लांब नाही.

गेल्या दिवाळीत शालनच्या सुनेने तो रुपया ताटात ठेवायला घेतला. शालन म्हणाली, “नको गे. आमच्या वैनीन बघललो तो. ती चुकची नाय.”

मी तिथेच बसून पोहे कालवत होते. कालवत राहिले.