तलावावरची मेलेली बदकं

तिरोड्याजवळच्या एका गावात मी नर्स होते तेव्हाची ही गोष्ट. गावात मोबाइल दोन-चार जणांकडेच होते. मी एकटीच राहायची. खोलीवरून उपकेंद्रात जाताना तलावाच्या पाळीवरून सायकल न्यावी लागे. थंडी पडली की तलावावर बाहेरदेशची बदकं उतरायची. पहिल्या हिवाळ्यात मला ती सगळी सारखीच दिसली. एक म्हातारा ढिवर रोज सकाळी डोंग्यातून जाळं काढायला यायचा, त्यानं ती ओळखायला शिकवली. शेपटीवरून, चोचीवरून, उडताना येणाऱ्या आवाजावरूनसुद्धा. मी त्याला मामाजी म्हणायची, तो मला सिस्टर. कामाशिवाय दिवसभरात कोणाशी बोलणं व्हायचं ते एवढंच. कोणती किती दिसली ते मी एका वहीत लिहून ठेवू लागले.

चौथ्या हिवाळ्यात एका सकाळी पाळीखाली नऊ तलवार बदकं, लांब टोकदार शेपटीची, पडलेली दिसली. कुठे जखम नव्हती. एकात अजून जीव होता. मान टाकलेली, पंख थरथरत होते. थंडीनं गारठली असतील, असं मामाजी म्हणाला. मला ते पटलं नाही. बर्फाच्या मुलखातून आलेली पाखरं आमच्या थंडीनं कशी मरतील? पण त्या दिवशी लसीकरण होतं आणि मला उशीर झाला होता. मामाजीनं दोन बदकं उचलून टोपलीत टाकली. मी पाहिलं. वहीत नऊ असं लिहिलं आणि सायकलवर बसले.

दुपारी त्याच्या बायकोला खाटेवर घालून उपकेंद्रात आणलं. तोंडाला फेस, अंग घामानं निथळत होतं, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. फवारणीचं औषध पोटात गेलेली माणसं मी आधी पाहिली होती. त्यावरचं इंजेक्शन आमच्याकडे नव्हतं. जीप मिळायला पाऊण तास गेला. तिरोड्याच्या रस्त्यातच ती गेली. तिचा हात माझ्या हातात होता. तिनं सकाळची बदकं रांधली होती; मामाजी मासे विकायच्या घाईत दोन घास खाऊन उठला होता, तो उलट्या होऊन वाचला.

कोणीतरी धानात विष कालवून उथळ पाण्यात टाकलं होतं. पहाटे मेलेली बदकं विकायला पोत्यात भरून नेली आणि दूर जाऊन पडलेली तेवढी मागे राहिली. पोलीस आले, पंचनामा झाला. गावात कोणालाच माहीत नव्हतं असं नाही, पण कोणी बोललं नाही.

पंधरा दिवसांनी मामाजी आला आणि उपकेंद्राच्या पायरीवर बसला.

"सिस्टर, तुमी त तेथंच होत्या. तुमाले काई वाटलं नाई का?"

नाही म्हणणं सोपं होतं. "शंका आली होती मामाजी," मी म्हटलं. "मी बोलले नाही."



"काऊन?"

उशीर होत होता, हे खरं कारण होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही. तो उठून गेला.

पुढे तो त्या तलावावर आला नाही. दुसऱ्या गावच्या बोडीवर, लहानशा तळ्यावर, जाळं टाकायचा. माझी बदली होईपर्यंत दोन वर्षं मात्र महिन्यातून एकदा बीपी तपासायला यायचा. जवळपास दुसरी नर्स नव्हतीच. बाही वर करून तो हात पुढे करायचा आणि भिंतीकडे पाहत बसायचा. मी गोळ्या कागदात बांधून द्यायची. तो त्या घेऊन निघून जायचा.