आईचं माप

ओडेसा प्रुइटनं अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या उत्तर भागात शर्ट छापायचं दुकान टाकलं, तेव्हा चर्चच्या सहलींची कामं यायची. आता येतात ती मयतीची. पोरगं गोळीनं गेलं की दुसऱ्या दिवशी त्याचा हसरा फोटो छातीवर घालून सगळी गल्ली हिंडते, आणि त्यातलाच एखादा सूड घ्यायला निघतो. तिचा मुलगा केव्हॉन अकरा वर्षांपूर्वी मेलेल्या मित्राच्या फोटोचा असाच शर्ट घालून सूड घ्यायला गेला आणि परत आला नाही. शर्ट तिनंच छापला होता. तेव्हापासून तिचा नियम: शर्ट हवा त्यानं नुसता फोटो पाठवायचा नाही, स्वतः येऊन उभं राहायचं. वस्तीतल्या बाया घरोघर जाऊन पोरांना आवरतात, ओडेसा दुकानात आवरते. कधी जमतं, कधी नाही. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तापलेल्या डोक्याला तोही लागत नाही. म्हणून तिच्या जिवाला स्वस्थता नाही.

मंगळवारी दुपारी जावोंटे आला. आदल्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ रेजी पेट्रोल पंपावर मारला गेला होता.

"चाळीस शर्ट. उद्या दहाला."

"बस."

"वेळ नाही, मिस ओडेसा."

"माझी काच रेजीनं फोडली आणि आळ तुझ्यावर घातला, आठवतं?"

जावोंटे हसला आणि हसल्याबद्दल स्वतःवरच चिडला. मग त्यानं रेजीचा फोटो टेबलावर ठेवला आणि खिशातून दुसरा बाहेर काढला. त्याचा स्वतःचा, सुटातला.

"हाही एक छापून ठेवा. आईसाठी. नंतर तिची धावपळ नको."

त्याच्या कमरेला काय खोचलंय ते दिसतच होतं. ओरडावं, कडी लावावी, त्याचे पाय धरावेत? ओडेसा यंत्राभोवती उगाच दोन फेऱ्या मारून आली आणि तिनं वही उघडली.

"माप?"

"लार्ज. आई लार्जच घालते."

"ते रेजीच्या शर्टाचं. मी तुझ्या शर्टाचं विचारतेय."

"तेच की!"

"तेच कसं? केव्हॉन गेला तेव्हा मी एक्स्ट्रा लार्ज होते, वर्षात स्मॉलवर आले. घास गिळवत नव्हता रे. दोन्ही पोरं गेल्यावर तुझी आई केवढी उरेल ते सांग, त्या मापाचा काढते."

त्याचा फोन वाजला. आईचाच, तिसऱ्यांदा.

"उचल. तिलाच विचार."

त्यानं उचलला, पण विचारवेना. पलीकडचा आवाज ओडेसालाही ऐकू आला. "कुठेयस? कालपासून पोटात काही नाही माझ्या. तू ये, मग खाते."

जावोंटेनं आपला फोटो खिशात घातला आणि निघून गेला. घरीच गेला की नाही, कोण सांगणार? ओडेसा शर्ट छापत राहिली. बाहेर गाडी थांबली की दाराशी जाऊन यायची.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेले. सव्वादहाला दार उघडलं आणि जावोंटेची आई एकटीच आत आली. ओडेसानं तिच्यामागे दाराकडे पाहिलं. मग मागून जावोंटे दिसला, आईची पर्स धरून. कमरेला आज काही नव्हतं. निदान दिसत तरी नव्हतं.

ओडेसानं लार्ज शर्ट आईच्या खांद्यांना लावून पाहिला. तो आत्ताच ढगळ होता.

"मीडियम देते," ती जावोंटेला म्हणाली. "रोज समोर बसून हिला जेवू घाल. याच्याखालचं माप मी हिला देणार नाही."